दुधाचं तेवढं तू बघ

लॅबमध्ये त्यांना सगळे वहिनी म्हणत. तिथे त्यांचा कुणी दीर नव्हता की नणंद नव्हती. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांचे यजमान त्यांना सोडायला आले होते, आणि तिथल्या म्हाताऱ्या मुख्य कारागिरांनी, मास्तरांनी, त्यांना "या दादा, बसा" म्हटलं. दादांची बायको म्हणून त्या वहिनी झाल्या. दादा अर्धा कप चहा पिऊन निघून गेले, वहिनी मात्र वहिनीच राहिल्या.

लॅब म्हणजे कवळ्या करण्याचा कारखाना. कारखाना हे नाव मोठं झालं. दोन खोल्या होत्या. एकीत प्लास्टर, दुसरीत मेण. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्यांची मापं पाठवायचे, ती पांढऱ्या डब्यांतून यायची आणि त्याच डब्यांतून कवळ्या होऊन परत जायची. खाली टायरचं दुकान होतं. रबराचा वास जिन्यावरून वर यायचा आणि वरची प्लास्टरची पूड जिन्यावरून खाली जायची. मास्तर म्हणायचे, "खाली टायर, वर दात. झिजल्याशिवाय दोन्हीकडे गिऱ्हाईक येत नाही."

वहिनी इथे लागल्या वयाच्या चौतिसाव्या वर्षी, आणि त्याला कारण झाली एक चप्पल.

यजमान पंपाच्या कंपनीत होते, माल रवाना करायच्या खात्यात कारकून. माणूस सरळ. पिणं नाही, पत्ते नाहीत, आवाज चढवणं नाही. एक तारखेला घरखर्चाचं पाकीट ओट्यावर ठेवायचे, पाण्याच्या भांड्याखाली, उडू नये म्हणून. त्या पाकिटात दूध, किराणा, गॅस, वीज, मुलीची शाळा, सासूबाईंच्या गोळ्या असं सगळं नेमकं बसायचं. इतकं नेमकं, की त्यात आणखी एक सुईसुद्धा शिरली नसती. पाकिटाबाहेरचं काही लागलं की मागावं लागे.

चपलेचा अंगठा भर रस्त्यात तुटला. मोचीने ती हातात घेऊन उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाला, "ताई, हिला आता माफ करा." वहिनी फरफटत घरी आल्या. संध्याकाळी यजमानांना म्हणाल्या, "नव्या चपला घ्याव्या लागतील."

यजमानांनी लगेच पाकीट काढलं. काढता काढता म्हणाले, "गेल्याच वर्षी घेतल्या होत्यास ना? एवढ्या कशाला लागतात तुला?"

आणि पैसे दिले. वर थोडे जास्तच दिले. त्या 'कशाला'त राग नव्हता, संशय नव्हता. राग असता तर भांडता तरी आलं असतं. दुसऱ्या दिवशी दुकानात वहिनींनी पायात चपला घालून बघितल्या, दुकानदाराने "कशा वाटतात?" विचारलं, आणि वहिनींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुकानदार बिचारा घाबरला. त्याला वाटलं, चावतायत.

त्या दिवशी वहिनींनी एकच गोष्ट ठरवली. आपल्याजवळ असे थोडे पैसे असले पाहिजेत, जे खर्च करताना कुणी 'कशाला' म्हणणार नाही. फार नकोत. पण आपले हवेत.

नोकरी तशी साधीच मिळाली. प्लास्टरचे साचे घासायचे, डब्यांवर डॉक्टरांची नावं लिहायची, फोन घ्यायचे. घरी सांगितलं तेव्हा यजमान खरंच खूश झाले. "छान झालं," ते म्हणाले. "आणि हे बघ, तुझे पैसे ते तुझे. मला त्यातली एक पै नको." सासूबाई खिडकीशी बसून शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आता ही लोकांचे दात कोरून भरणार. बघू या."

पहिला पगार हातात आला त्या दुपारी वहिनी बसस्टॉपजवळच्या दुकानात शिरल्या आणि उभ्या उभ्या एक अख्खं आइस्क्रीम खाल्लं. मोठं, दोन रंगांचं. तोंड पुसलं आणि घरी आल्या. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच. पण न सांगण्याची चव आइस्क्रीमपेक्षा जास्त लागली.

ती चव तीन महिने टिकली.

चौथ्या महिन्यात यजमान पाकीट ठेवता ठेवता जरा थांबले. "या महिन्यात थोडी ओढाताण आहे गं. दुधाचं तेवढं तू बघशील?"

"बघेन की," वहिनी म्हणाल्या. त्यांना बरंच वाटलं. आपणही घराला लागतो म्हणून बरं वाटलं. पुढच्या महिन्यात पाकिटात दुधाचे पैसे नव्हते, आणि त्यावर कुणी काही बोललंही नाही. मग वर्षभराने विजेचं बिल आलं. "तुझी बस त्याच रस्त्याने जाते ना, भरून टाक, मी देतो तुला," आणि देणं राहून गेलं. मग मुलीची शिकवणी. मग आईंच्या गोळ्या. दर वेळी इतक्या मऊ आवाजात मागितलं जाई, की नाही म्हणणाराच दगडाच्या काळजाचा ठरावा. बोट दिलं होतं, बघता बघता मनगट गेलं, आणि मनगट धरणाऱ्याचा हात मात्र ऊबदार होता. करायचं काय?

एकदा वहिनी शेजारच्या शिक्षिकाबाईंपाशी बोलून गेल्या. "मी नोकरीला लागले ते माझ्या हातात चार पैसे राहावेत म्हणून. आता पगार दुप्पट झालाय आणि चार पैसेही राहत नाहीत."

शिक्षिकाबाई म्हणाल्या, "म्हणजे दात आले तर चणे गेले."

"चणे आहेत हो," वहिनी म्हणाल्या. "पण माझ्या ताटातले सगळे उचलून खातात, आणि खाणारी माझीच माणसं आहेत."

पगार दुप्पट झाला तो असा. मास्तरांनी पहिल्या वर्षीच हेरलं होतं, की ही बाई साचा घासताना नुसती घासत नाही, बघते. एके दिवशी त्यांनी वहिनींपुढे मेणाची पट्टी ठेवली, दातांचा पुडा ठेवला आणि म्हणाले, "बसवून बघा." कवळीत दात आधी मेणात बसवतात. एकेक दात चिमटीत धरायचा, गरम सुरीने मेण वितळवायचं, दात टेकवायचा, किंचित फिरवायचा. वरचा जबडा आणि खालचा जबडा बिजागरीच्या यंत्रावर चढवलेला असतो. तो मिटून बघायचा, दाताला दात नीट मिळतो का. केसाएवढी चूक झाली तरी घालणाऱ्याला जेवताना जीव नकोसा होतो. वहिनींनी पहिली ओळ बसवली तेव्हा मास्तरांनी जबडा दोनदा मिटून-उघडून बघितला. मग म्हणाले, "मेण तुमचं ऐकतं." वहिनी साचे घासायचं सोडून दात बसवू लागल्या आणि दोनेक वर्षांत त्यांचा पगार दुप्पट झाला.

सहा वर्षांत वहिनींचं नाव झालं. ते एका आजीबाईंमुळे. या आजींनी दोन वेळा कवळी परत पाठवली होती. माप बरोबर, रंग बरोबर, तरी आजींचं एकच म्हणणं, "हे माझं तोंड नाही." त्यांच्या दातांच्या डॉक्टरीणबाई वैतागल्या होत्या. वहिनींनी आजींचा तरुणपणचा एखादा फोटो मागवला. फोटोत आजी पन्नास माणसांच्या घोळक्यात नखाएवढ्या दिसत होत्या, पण हसत होत्या. वहिनींनी मास्तरांचं भिंग घेऊन बघितलं, आणि समोरच्या दातांशेजारचा एक दात जरासा वाकडा बसवला. शेजारच्या दाताच्या खांद्यावर डोकं टेकल्यासारखा. आजींनी कवळी घातली, आरशात बघितलं आणि म्हणे त्या दातावरून बोट फिरवलं. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "आमच्या ह्यांना हाच दात आवडायचा."

त्यानंतर डॉक्टरीणबाईंच्या डब्यांवर चिठ्ठी येऊ लागली, 'काम वहिनींनीच करावं'. लॅबच्या मालकांनी पगार आणखी वाढवला. मालक गोड बोलणारे, पांढऱ्या शर्टातले; त्यांना वहिनींची किंमत कळत होती, फक्त पूर्ण द्यायची नव्हती.

ही पगारवाढ वहिनींनी घरी सांगितली नाही.

सांगायचं नाही असं ठरवलं नव्हतं. त्या घरी आल्या तेव्हा यजमान मुलीच्या पुस्तकांना कव्हरं घालत बसले होते. वहिनींनी तोंड उघडलं आणि त्यांना पुढचं सगळं वाक्य आधीच ऐकू आलं: 'अरे वा! मग या महिन्यापासून किराण्याचं तेवढं…' त्यांनी तोंड मिटलं आणि भाजी चिरायला घेतली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बँकेत जाऊन स्वतःच्या एकटीच्या नावाने खातं उघडलं. वाढीव पैसे तिथे जायला लागले. पुढची वाढ झाली, तीही तिथेच. पासबुक लॅबमध्ये, दातांच्या पुड्यांच्या खणात राहायचं.

सुख वाटायला हवं होतं. पण वहिनींची झोप पातळ झाली. नवऱ्याने कधी त्यांची पर्स उघडली नव्हती, पण त्या आता पर्स उशाशी ठेवू लागल्या. मुलगी एकदा म्हणाली, "आई, तू फोनवर बोलताना बाल्कनीत का जातेस?" जिला कुणी 'कशाला' विचारू नये म्हणून हा सगळा खटाटोप, ती बाई आता कुणी काही विचारण्याआधीच उत्तरं जुळवून ठेवत होती.

दोन वर्षं अशी गेली. मग डॉक्टरीणबाईंनी एकदा दवाखान्यात बोलावून घेतलं.

"वहिनी, किती दिवस दुसऱ्याच्या नावाखाली काम करणार?" त्या म्हणाल्या. "मी लॅबला देते त्यातले तुम्हाला किती मिळतात, मला अंदाज आहे. स्वतःचं सुरू करा. माझ्या महिन्याला दहा कवळ्या नक्की. माझ्या मैत्रिणीच्या पाच-सहा. घरी एक कोपरा असला तरी पुरे."

वहिनी घरी चालत आल्या, बसने नाही. चालता चालता हिशेब केला. सोळा कवळ्यांत लॅबचा पगार सुटत होता आणि वर तेवढेच राहत होते. सुरुवातीचे चार-पाच महिने कमी मिळेल. पण तोवर यजमानांचा पगार आहेच की. आठ वर्षं आपण इतकं ओढलं, सहा महिने ते ओढतील. हा त्या हिशेबाचा पाया होता.

मागची बाल्कनी बंद करून घेतलेली होती, तिथे जुनी सायकल आणि रिकामे डबे होते. वहिनींनी सायकल भंगारवाल्याला दिली. "साफसफाई चाललीय," असं घरात सांगितलं. एक लॅब बंद पडत होती. तिथली घासायची मोटर, दाबाचं यंत्र, बिजागरीचे दोन जबडे असं सगळं मास्तरांच्या ओळखीने स्वस्तात ठरलं. मास्तर तेव्हा निवृत्त होऊन घरी बसले होते. ते स्वतः येऊन मोटर फिरवून बघून गेले. "आवाज चांगला आहे," म्हणाले. "मांजर गुरगुरावी तसा पाहिजे." खात्यातले निम्म्याहून जास्त पैसे त्यात गेले. सोमवारी वहिनींनी मालकांच्या टेबलावर राजीनामा ठेवला, एका महिन्याच्या मुदतीचा. मालकांनी तो वाचला, चष्मा काढला आणि फक्त म्हणाले, "बरं."

रविवारी सकाळी सामान येणार होतं. तेव्हा शनिवारी संध्याकाळी सांगणं भाग होतं.

यजमान नुकतेच आले होते. चहाचा कप हातात होता. वहिनी समोर बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. पगारवाढ, खातं, पासबुक, मोटर, राजीनामा. सांगताना त्यांना वाटत होतं की आता हे चिडतील, आणि चिडले तर आपल्याकडे आठ वर्षांचं बोलायला आहे. वाक्यं तयार होती.

यजमान चिडले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसला नाही, कलंडला, थोडा चहा सांडला. ते पुसायलाही ते हलले नाहीत. मग म्हणाले, "राजीनामा परत घेता येईल का गं?"

"का?"

ते उठले, कपाटाच्या वरच्या फळीवरून हिवाळ्याच्या कपड्यांची पेटी काढली आणि तळातून पगाराच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणून वहिनींपुढे ठेवला. वहिनींनी वरची चिठ्ठी बघितली. मग खालची. मग आणखी खालची. पाच वर्षांपूर्वी कंपनीने त्यांचं माल रवाना करायचं खातं दुसऱ्या खात्यात मिसळलं होतं. तेव्हापासून पगार दोन तृतीयांश झाला होता. गेल्या वर्षी आणखी कापला होता. आता निम्मा होता.

"विजेचं बिल तुला सांगितलं तेव्हा नुसती ओढाताण होती," यजमान म्हणाले. "शिकवणी तुझ्याकडे आली तोवर पगार कापला गेला होता. तुला म्हणालो होतो ना, मला तुझी एक पै नको. मग कुठल्या तोंडाने सांगायचं? थोडं थोडं मागत गेलो."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

खिडकीशी सासूबाई होत्या. त्यांना कमी ऐकू येतं असं सगळे धरून चालत. त्या हातातल्या कपड्याच्या घड्या मोडून पुन्हा घालत राहिल्या.

वहिनी त्या गठ्ठ्याकडे बघत बसल्या. आठ वर्षं त्यांना वाटत होतं, आपले पैसे हळूहळू काढून घेतले जातायत. त्या मनात रोज भांडत होत्या, आणि ज्याच्याशी भांडत होत्या तो माणूस रोज सकाळी डबा घेऊन अर्ध्या पगाराच्या नोकरीला निमूट जात होता. बरं, राग तरी पूर्ण जावा, तर तोही जाईना. हे घर आपल्याच पगारावर उभं आहे हे आपल्याला कळू दिलं नाही, याचा वेगळाच राग आला. खांबालाच सांगितलं नव्हतं की तू खांब आहेस, आणि आता सांगितलं ते का, तर हलू नकोस म्हणून.

"मुलीच्या कॉलेजची पहिल्या वर्षाची फी भरायचीय जूनमध्ये," यजमान म्हणाले. जणू वहिनींना ते ठाऊक नव्हतं.

सामान रविवारी आलंच. परत घ्यायला विकणारा तयार नव्हता. दोन माणसांनी मोटर उचलून बाल्कनीत ठेवली. मुलीने उत्साहाने बटण दाबलं. मोटर मांजरासारखी गुरगुरली. वहिनींनी बटण बंद केलं आणि वर जुनी चादर टाकली.

सोमवारी त्या मालकांच्या समोर उभ्या राहिल्या. लॅबमध्ये बसायला खुर्ची होती, पण त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.

"मला वाटलंच होतं," मालक गोड हसून म्हणाले. "घरचं म्हटल्यावर असं होतंच. राहा की. जागा तुमचीच आहे. फक्त दोन गोष्टी. एक म्हणजे, मी नवीन माणूस बघायला सुरुवात केली होती, त्याला पगार कमी ठरवला होता. तुम्हाला जुना पगार दिला तर ते बरं दिसणार नाही. थोडा कमी करू, पुढे बघू. आणि दुसरं, घरी कुणाचं काम करायचं नाही. तसं एक कागदावर लिहून द्या. तुमच्यावर विश्वास नाही असं नाही हां, पण लिहिलेलं बरं."

वहिनींनी दातओठ खाल्ले, तेही तोंड मिटून. मग पेन मागितलं.

मास्तरांना हे कळलं तेव्हा ते भेटायला आले, बसस्टॉपवर थांबले. "खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, हे मालकांचं मला तीस वर्षं माहीत आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही सही कशाला केलीत?"

"मास्तर, उद्या गॅस संपतोय," वहिनी म्हणाल्या.

वहिनींचं स्वतःचं सुरू होणार म्हणून डॉक्टरीणबाईंनी लॅबला काम देणं थांबवलं होतं; त्यांनी तीन महिने वाट बघितली. मग त्यांनी दुसऱ्या गावच्या लॅबकडून कामं करून घ्यायला सुरुवात केली. त्यांचंही बरोबर होतं. पेशंट किती दिवस बिनदाताचे बसणार?

घरात मात्र एक बदल झाला. यजमानांनी पाकीट ठेवणं बंद केलं आणि एक तारखेला सगळा पगार चिठ्ठीसकट वहिनींच्या हातात द्यायला लागले. "आता लपवायचं काही राहिलं नाही," म्हणाले. "तूच बघ सगळं." लोकांना वाटावं, बाईच्या हातात सत्ता आली. वहिनी हिशेब करायच्या आणि दोन पगार मिळून महिना कसाबसा पंचवीस तारखेपर्यंत जायचा. पुढचे पाच दिवस मीठ-भाकरीवर काढायचे.

एकदा सकाळी यजमान बूट घालून दारात घुटमळले. "थोडे सुटे देतेस का? शंभरेक पुरतील."

"कशाला?" वहिनी म्हणाल्या.

त्यांचे हात कणकेत होते, लक्ष घड्याळाकडे होतं. शब्द सहज निघाला. त्यात राग नव्हता, संशय नव्हता. यजमान जरा ओशाळले. "केस कापायचेत," ते म्हणाले. त्यांनी मानेवरून हात फिरवला.

वहिनींनी हात धुतले. डब्यातून पैसे काढले, मागितल्यापेक्षा थोडे जास्त दिले, आणि त्यांच्याकडे बघू शकल्या नाहीत. जिन्यावरून बूट वाजत खाली गेले. वहिनी ओट्याशी तशाच उभ्या राहिल्या. पुन्हा कणकेत हात घातला तेव्हा ती सुकायला लागली होती.

चादर टाकलेली मोटर बाल्कनीत तशीच होती. तिच्यावर आता कांदे-बटाट्यांची टोपली असायची. असेच आठ-दहा महिने गेले.

सासूबाईंचे खालचे शेवटचे दोन दात त्या हिवाळ्यात पडले. वरचे आधीच गेले होते. तोंडाचं बोळकं झालं तरी त्या काही बोलल्या नव्हत्या. भाकरी पाण्यात भिजवून खायच्या. मेच्या सुरुवातीला एका रविवारी घरात दुसरं कुणी नसताना त्या बाल्कनीत आल्या आणि कांद्यांची टोपली उचलून जमिनीवर ठेवली.

"कागदावर काय लिहून दिलंयस?" त्यांनी विचारलं.

वहिनी दचकल्या. आईंना कागदाचं कुणी सांगितलं नव्हतं.

"कुणाचं काम करणार नाही, असं."

"मी कुणी आहे का?" सासूबाई म्हणाल्या. "मी घरातली. मला कवळी कर."

डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं, पैसे घेतले नाहीत. वहिनींनी चार रविवार मोटरीवरची चादर काढली. प्लास्टर कालवलं, मेण तापवलं, दात बसवले. बाल्कनीत दुपारचं ऊन यायचं तोवर काम चालायचं. यजमान चहा करून आणून द्यायचे आणि दाराशी उभे राहून बघायचे. एकदा म्हणाले, "तू हे इतकं छान करतेस, मला माहीतच नव्हतं." वहिनी मान खाली घालून मेण कोरत राहिल्या. आठ-नऊ वर्षांत तुम्ही एकदा तरी जिना चढून बघायला आलात का, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. मग मनात आलं, आपण तरी त्यांच्या कंपनीचं फाटक कधी बघितलंय?

कवळी तयार झाली त्या दिवशी सासूबाईंनी उशीच्या अभ्र्यातून एक पुरचुंडी काढली आणि वहिनींच्या हातात ठेवली. आत नोटा होत्या, काही तर इतक्या जुन्या, की घड्यांवर फाटायला आल्या होत्या.

"हे काय आई? तुमच्याकडून पैसे घेऊ मी?"

"घे. लॅब घेते तेवढे आहेत, मी डॉक्टरीणबाईंना विचारून आलेय. फुकट मिळालेल्या वस्तूची घरात कुणी किंमत ठेवत नाही, बाईची तर नाहीच नाही."

"पण तुमच्याकडे हे आले कुठून?"

सासूबाईंनी दाराकडे बघितलं. "तुझे सासरे होते तोवर, चाळीस वर्षं त्यांच्या पाकिटातून काढत आले. कधी चार, कधी दोन. त्यांना कळलं नाही, यालाही कळलेलं नाही. सांगू नकोस. सांगितलंस तर उद्यापासून माझ्या गोळ्यांचं मलाच बघायला लावेल."

वहिनींना हसू आलं. "एवढे जमवलेत, आणि कधी खर्च केले नाहीत?"

"कशावर करणार? खर्च केले की दिसतात." सासूबाई एवढंच म्हणाल्या.

वहिनी पुरचुंडी हातात घेऊन बसल्या. त्यांच्या मोटरीने मिळवलेले हे पहिले पैसे होते. खात्यात टाकावेत, की मुलीच्या दुसऱ्या वर्षाच्या फीमध्ये? फी पंधरा दिवसांवर आली होती आणि त्यात नेमके एवढेच कमी पडत होते. त्यांनी नोटा मोजल्या नाहीत, ॲप्रनच्या खिशात ठेवल्या. खिसा जड झाला नाही, पण जाणवत राहिला.

"घाला बघू आता," त्या म्हणाल्या. "आणि नीट मिटा. मागचे दात एकमेकांवर आले का?"

सासूबाईंनी मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. पोळीचा कोरडा तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. मग गाल धरला.

"डावीकडे टोचतंय."

"काढा," वहिनी म्हणाल्या. कवळी उजेडात धरून त्यांनी बोटाने ती कड शोधली, मोटर सुरू केली आणि केसभर घासली. धुऊन पुन्हा सासूबाईंच्या हातात दिली. सासूबाईंनी घातली, चावलं, आणि मान हलवली.

"अजून टोचतंय."

वहिनींनी हात पुढे केला. "द्या इकडे."